बांद्याच्या कुळकर्ण्याचा राजीनामा

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या विर्नोडा गावी एक सरकारी महाविद्यालय आहे. कला आणि वाणिज्य अशा दोन्ही शाखा तिथे आहेत. जमा-नावे, ताळेबंद, लेखापरीक्षण शिकून दरवर्षी तिथून मुले-मुली बाहेर पडतात आणि नोकरीच्या शोधाला लागतात. या महाविद्यालयाला नाव दिले आहे संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे. हे सोहिरोबा पिढीजात हिशेबनीस होते आणि ती नोकरी त्यांनी आपल्या हाताने सोडली होती.

त्यांचा जन्म १७१४ सालचा, गाव बांदा. आज तो सिंधुदुर्ग जिल्ह्याचा दक्षिण टोकाचा भाग; तेव्हा सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा मुलूख. घरात कुळकर्णीपण. कुळकर्णी म्हणजे गावाचे दप्तर: कोणाची जमीन किती, तिच्यावर सारा किती बसला, किती वसूल झाला, किती थकला, हे सगळे मोडीत उतरवून राखणारा माणूस. परंपरा सांगते की एकदा वाडीहून तातडीचे बोलावणे आले. सोहिरोबा निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात भूक लागली म्हणून फणस फोडून बसले. समोर एक तेजस्वी पुरुष येऊन उभा राहिला आणि मला काही देतोस का, असे त्याने विचारले. सोहिरोबांनी हातातले गरे पुढे केले. तो पुरुष गहिनीनाथ होता, अशी नाथसंप्रदायाची श्रद्धा. त्यानंतर कुळकर्ण्याचे मन दप्तरात रमेना आणि त्यांनी वतनाच्या कामाला रामराम ठोकला. पुढे त्यांच्या मुखातून पदे येत राहिली आणि बहीण दर्याबाई ती पानांवर उतरवून ठेवत राहिली. साठी उलटल्यावर त्यांनी घरही सोडले आणि उत्तरेकडे गेले.

ही कथा सिंधुदुर्गात आदराने सांगितली जाते. पण आजच्या लेखापालाने तिच्यापुढे उभे राहून एक प्रश्न विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. सोहिरोबांनी नोकरी सोडली, ते ठीक. ज्याची नोकरी काढून घेतली गेली, त्याने काय करायचे?

बांद्याहून महामार्गाने उत्तरेला निघाले की सावंतवाडी, कुडाळ, कणकवली मागे टाकून नांदगावचा तिठा येतो. देवगडचा फाटा इथूनच फुटतो. कोकण रेल्वेचे नांदगाव रोड स्थानकही इथलेच. चतुर्थीच्या दिवसांत मुंबईहून आलेला चाकरमानी सामान घेऊन इथे उतरतो आणि ओळखीचा कोणीतरी त्याला हटकतो, 'काय मगे, हल्ली खय असतस?' अठरा-वीस वर्षे अंधेरीत किंवा ठाण्यात एखाद्या कंपनीची खाती सांभाळलेल्या आणि मे महिन्यात हातात रिलीव्हिंग लेटर पडलेल्या माणसाला हा साधा प्रश्न जड जातो. कंपनीचे नाव सांगायची सवय झालेली असते. ते नाव गेले की आपण कुठे 'असतो' हेच सांगता येत नाही. मग घरातले वडीलधारे त्याची समजूत घालतात: प्रारब्धात होते, झाले.

ही समजूत मायेने घातलेली असते, पण तिच्यात एक धोका आहे. कीर्तन-प्रवचनांत कर्माचा सिद्धांत बरेचदा वहीखात्यासारखा मांडला जातो. संचित म्हणजे मागील शिल्लक, प्रारब्ध म्हणजे त्यातली यंदा वटणारी रक्कम, क्रियमाण म्हणजे चालू वर्षाच्या नोंदी. चित्रगुप्त वही राखतो. लेखापालाला हा दृष्टांत चटकन पटतो, कारण आयुष्यभर त्याने हेच केलेले असते. म्हणून नोकरी गेली की तोच सगळ्यांत आधी स्वतःच्या नावे रक्कम टाकतो: कुठेतरी माझेच चुकले असणार.

पण ज्या वहीचे एकही पान कोणी पाहिलेले नाही, तिच्यावर सही कशी करायची? कोणताही लेखापरीक्षक व्हाऊचर न पाहता शेरा मारत नाही. 'त्याचे प्रारब्ध' असे दुसऱ्याबद्दल म्हणणारा माणूस नेमके तेच करत असतो. कर्मविचारात माणसाला उभे करणारे बळ आहे, यात शंका नाही. आज करतो ते वाया जात नाही, हा त्याचा गाभा आहे. पडलेल्या माणसाच्या अंगावर टाकायचा निवाडा म्हणून तो वापरला की त्याचा कणा मोडतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या बाबतीत फार नेमकी मांडणी आहे आणि ती पुरेशी वाचली जात नाही. कोणतेही कर्म घडते तेव्हा त्यामागे पाच कारणे असतात, असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह असे धरतात. कचेरीच्या कामाला लावायचे तर काम जिथे उभे राहते ती जागा असे धरता येईल. दैव यादीत शेवटी येते. त्याला जागा आहे, पण पाचातली एक. आणि पुढचाच विचार असा, की हे पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही.

हे अहंकाराविरुद्ध सांगितले आहे, असे आपण समजतो. यश मिळाले की 'मीच केले' म्हणणाऱ्यासाठी. पण ते अपयशालाही तितकेच लागू आहे. लेखापालाची नोकरी जाते तेव्हा कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतलेली असते, खाते-विभाग हैदराबादला हलवलेला असतो, बँकेचे स्टेटमेंट थेट सॉफ्टवेअरमध्ये ओढले जात असते, १ जुलै २०१७ पासून आलेल्या जीएसटीमुळे खरेदीची बिले जुळवण्याचे काम पोर्टलवरून निम्मे होऊन येत असते, वरच्या दोन साहेबांचे आपसांत बिनसलेले असते. यात त्या माणसाची चूक असूही शकते. ती असेल तेवढी त्याने मान्य करावी. पण पाचही कारणांचा भार कर्त्यावर टाकणे हा गीतेच्या मते बुद्धीचा दोष आहे, विनय नव्हे.

या धंद्यातले सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. आर्थर अँडरसन ही १९१३ साली शिकागोत सुरू झालेली, जगातल्या पाच बड्या ऑडिट फर्मपैकी एक. ती जिचे ऑडिट करायची ती एन्रॉन कंपनी बुडाली, एन्रॉनची कागदपत्रे अँडरसनच्या ह्यूस्टन कचेरीत नष्ट केल्याचे उघड झाले, आणि जून २००२ मध्ये फर्मला दोषी ठरवण्यात आले. जगभर सुमारे ८५,००० माणसे तिथे काम करत होती. त्यांतल्या बहुतेकांनी एन्रॉनचा एकही कागद हातात धरलेला नव्हता. ३१ मे २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली, कारण ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या. तोवर फर्म जवळजवळ संपली होती. त्या हजारो लेखापालांपैकी कोणाला तरी 'तुझ्या कर्माची फळे' असे म्हणता येईल का? म्हणणाऱ्याने आधी कर्म दाखवावे.

मग लेखापालाच्या हातात राहते काय? इथे महाराष्ट्राला एक उत्तर साडेचारशे वर्षांपूर्वी मिळालेले आहे.

एकनाथ लहान वयात पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी त्या किल्ल्याचे किल्लेदार. मोठा कारभार, मोठा जमाखर्च. हिशेबाचे काम एकनाथांकडे आले. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. सारे झोपले आणि हा मुलगा समईजवळ वह्या उलटत बसला. पहाटे कधीतरी चूक सापडली आणि त्याने आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल, असे ते म्हणाले, आणि त्याच एकाग्रतेला त्यांनी साधनेकडे वळवले.

कीर्तनकार ही गोष्ट सांगताना बहुधा पैला कमी लेखतात: पै ती काय, परमार्थ मोठा. हिशेबात बसलेल्या माणसाला ती वेगळी ऐकू येते. तेरीज जुळत नाही तेव्हा काय होते ते त्याला ठाऊक असते. फरक नऊशेचा आहे. नऊने भाग जातो का? जातो. म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल: ५,४०० च्या जागी ४,५०० पडले असणार. तसे काही दिसत नाही. मग फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ४५०. जमेची नोंद चुकून नावे पडली तर फरक दुप्पट दिसतो. तिथेही नाही. मग एखादी नोंद खतावणीत चढवायचीच राहिली का, ते रोजकिर्दीवरून एकेक टिक करत पाहायचे. या सगळ्या वेळात एक गोष्ट माणसाला सतत खुणावत असते: सस्पेन्स खाते. नऊशे रुपये तिथे टाका आणि घरी जा. कोणी विचारणार नाही. जो टाकत नाही, त्याला त्या क्षणी कोणी पाहत नसते, आणि त्याला कोणते बक्षीसही मिळायचे नसते. खरे ते सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, एवढेच. जनार्दनस्वामींनी हेरली ती हीच बेचैनी. ती नसती तर परमार्थाकडे वळवायला तिथे काहीच नव्हते.

१ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंटांची भारतीय संस्था स्थापन झाली. तिच्या बोधचिन्हावर कठोपनिषदातले एक वचन आहे आणि ते श्रीअरविंदांनी सुचवलेले आहे. बाकीचे झोपले असताना जो जागा असतो, असा त्याचा आशय. उपनिषदात तो जागा असणारा म्हणजे आत्मतत्त्व. हिशेबनिसांच्या संस्थेने ते वचन घेतले, यात देवगिरीच्या त्या रात्रीचे नाते सहज दिसते. आणि इथेच नोकरी गेलेल्याला धरून ठेवण्यासारखे काही आहे. खुर्ची, हुद्दा, कंपनीचा ई-मेल पत्ता या दुसऱ्याने दिलेल्या वस्तू आहेत. तो त्या परत मागू शकतो. चूक सापडेपर्यंत जागणारी नजर कोणी नेमणूकपत्रात दिलेली नव्हती. फुल अँड फायनलमध्ये ती जमा करून घेता येत नाही.

अर्थात नजरेने घरातला गॅस पेटत नाही. तुकोबांना हे कोणी सांगायला नको होते. देहूचे वाण्याचे घर, दुकान, सावकारी. १६३० च्या सुमारास महादुष्काळ पडला, दिवाळे वाजले, पहिली बायको आणि मुलगा गेले. तुकोबांनी नोकरी सोडली नव्हती, कोणी काढलेही नव्हते. पायाखालची जमीनच गेली होती. पुढे त्यांनी कुळांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. बुडवण्याआधी त्यांनी खतांच्या वाटण्या केल्या. धाकट्या भावाचा, कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हवाली केला आणि फक्त आपल्या वाट्याचे कागद पाण्यात सोडले. जे आपले नाही त्याचा त्याग करता येत नाही, हे त्या हिशेबी माणसाला विरक्तीच्या ऐन क्षणीही स्पष्ट होते. नोकरी गेल्यावर 'आता सगळे सोडून गावाला जातो, मिळेल ते खातो' असे म्हणणाऱ्याने पीएफच्या रकमेत बायकोचा, मुलांच्या शिक्षणाचा, आईच्या औषधाचा वाटा किती, हे आधी वेगळे काढावे. उरेल त्यावर त्याने विरक्ती करावी.

दरम्यान मुलाखती चालू असतात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला: आधीची नोकरी का सोडली? समजा, मार्चअखेरीस मागच्या तारखेची बिले करायला सांगितली गेली, त्याने नकार दिला, आणि दोन महिन्यांत त्याची 'गरज उरली नाही'. हे समोरच्याला सांगायचे का?

महाभारतात यावर दोन प्रसंग आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवेत. एक सर्वांना ठाऊक आहे. अश्वत्थामा गेला, एवढे युधिष्ठिर मोठ्याने म्हणाला आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. एकही शब्द खोटा नव्हता. ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हावा अशी रचना होती, आणि तेवढे पुरे झाले. दुसरा प्रसंग कर्णपर्वातला. कौशिक नावाच्या तपस्व्याने कधी खोटे बोलायचे नाही असे व्रत घेतले होते. लुटारूंपासून पळून रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंनी विचारताच त्याने सांगून टाकला. माणसे मारली गेली आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. हे अर्जुनाला सांगतो आहे श्रीकृष्ण.

लेखापालाच्या धंद्यात ही दोन्ही टोके कायद्यातच आली आहेत. चुकीचे चित्र उभे राहील अशी मांडणी करणे हा दोष आहेच. पण १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातले पहिलेच कलम असे आहे, की कामाच्या ओघात कळलेली पक्षकाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना बाहेर सांगणे हे गैरवर्तन. म्हणून मुलाखतीत 'नोंदींच्या पद्धतीबद्दल मतभेद झाले, मला ते मान्य नव्हते, पुढचा तपशील मी सांगू शकत नाही' एवढे म्हणणे हा पळपुटेपणा ठरत नाही. चांगला मुलाखतकार त्यातून दोन गोष्टी ओळखतो: हा माणूस नाही म्हणू शकतो, आणि आपल्या कंपनीच्या गोष्टी उद्या दुसऱ्या टेबलावर मांडणार नाही. आणि 'वैयक्तिक कारणांमुळे सोडली' असे म्हणणे युधिष्ठिराच्या वाटेचे आहे, कितीही प्रचलित असले तरी.

मुलाखतीतले तांत्रिक प्रश्नही वाटतात तितके कोरडे नसतात. ३१ मार्चला माल गोदामात आला, बिल ३ एप्रिलला मिळाले. खरेदी कोणत्या वर्षात धराल? उत्तर सोपे आहे, जुन्या वर्षात. पण प्रश्न विचारणारा पुढे थांबून पाहत असतो. माल अखेरच्या साठ्यात धरला आणि त्याचे देणे मात्र पुढच्या वर्षात ढकलले, तर नफा फुगतो. हे ज्याला कळते त्याला फुगवताही येते. उमेदवार हे कोणत्या स्वरात सांगतो, तिथे त्याची पारख होते.

आता निवड. मुंबईला परत जायचे की इथेच राहायचे? सिंधुदुर्गात काम नाही असे नाही. विकास सोसायट्यांची दप्तरे आहेत, पतसंस्था आहेत, काजूचे कारखाने, मच्छीमार सहकारी संस्था, मालवण-तारकर्लीची हॉटेले आणि होमस्टे आहेत, आणि यांतल्या अनेकांना नीट हिशेब ठेवणारा माणूस हवा असतो. पगार मुंबईचा नसतो. बरेच जण अशा वेळी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात आणि कौल लावतात. देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी पाकळ्या चिकटवल्या जातात, प्रश्न मांडला जातो, आणि मंडळी वाट पाहतात. उजवी पडली तर होकार.

शिकलेल्या माणसाने हे करावे का, असा वाद कोकणात जुना आहे. त्यात न शिरताही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कौल मोघम विचारता येत नाही. 'माझे बरे होईल का' याला कौल नाही. हे करू की ते करू, असा दोन बाजूंचा स्पष्ट प्रश्न घरातल्या माणसांसमोर, गावासमोर मोठ्याने मांडावा लागतो. अनेकांच्या बाबतीत मनात दडवून ठेवलेली गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा बाहेर येते: परत जायची हिंमत उरलेली नाही, किंवा परत जायचेच आहे, फक्त आईला सांगायचा धीर होत नाही.

इथे गीतेची त्यागाची चाळणी उपयोगी पडते. मोहाने कर्तव्य टाकणे हा तामस त्याग, आणि देहाला कष्ट पडतील या भीतीने टाकणे हा राजस. सात्त्विक त्यागात कर्म सुटतच नाही; सुटते ती फळाची पकड. मार्चएन्डच्या जागरणांना कंटाळून गाव धरणाऱ्याला गीता राजस म्हणेल, आणि मुंबईचा मोठा पगार सोडून सोसायटीची दहा वर्षांची अर्धवट दप्तरे सरळ करायला बसलेल्याला कदाचित सात्त्विक. बाहेरून दोघे एकाच बसने नांदगावला उतरलेले असतात.

सोहिरोबांचा राजीनामा कोणत्या प्रकारचा, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून ताडता येते. उत्तरेत महादजी शिंद्यांच्या दरबारी ते पोचले. महादजी त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत प्रबळ मराठा सरदार, शिवाय स्वतः पदे रचणारा. आपल्या रचनांबद्दल त्याने सोहिरोबांचे मत विचारले आणि ते प्रतिकूल आले. दरबाराच्या मर्जीची त्यांना गरज नव्हती आणि तसे त्यांनी तोंडावर सांगितले, असे परंपरा सांगते. खरे तेच सांगायचे ही कुळकर्ण्याची सवय त्यांनी बांद्यात ठेवून दिलेली नव्हती. दप्तर सुटले तरी ती बरोबर गेली होती.

त्यांचे कुळकर्णीपणही पुढे टिकले नाहीच. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणा व कुळकर्णी वतने रद्द झाली आणि गावोगावचे दप्तर पगारी तलाठ्यांकडे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक अख्खे पद कायद्याच्या एका फटक्यात गेले. त्या घरांतली मुले मुंबई-पुण्याला जाऊन कारकून झाली, बँकेत लागली, पुढे सीए झाली. सॉफ्टवेअरमुळे आज जे घडते आहे त्याची एक तालीम महाराष्ट्राने पाहिलेली आहे, आणि तेव्हाही सातबाराच्या नोंदी कोणाला तरी लिहाव्या लागतच होत्या.

चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एक नियम आहे. दुसऱ्या सीएकडे असलेले ऑडिट घ्यायचे असेल तर आधी त्याला लेखी कळवावे लागते. कंपनीच्या खातेविभागात नोकरी बदलताना असे काही बंधन नसते. तरी नांदगावला परतलेल्या माणसाने गावच्या पतसंस्थेचे काम स्वीकारण्याआधी ते सोडून गेलेल्या किंवा काढल्या गेलेल्या आपल्या आधीच्या माणसाला एक फोन करावा. का गेलात, कुठली खाती जुळत नाहीत, कोणत्या कर्जदाराची नोंद पाहायला हवी, हे विचारावे. आपल्या मुंबईच्या खुर्चीवर आता जो कोणी बसला असेल, त्याचा असाच फोन आला तर त्यालाही मोकळेपणाने सांगावे: व्हेंडरची जुळणी डिसेंबरपर्यंतच झाली आहे, टीडीएसची दोन चलने चुकीच्या वर्षात भरली गेली आहेत, आणि दुरुस्तीचा अर्ज अजून करायचा राहिला आहे.